मारुंजीहून बांगड्याच्या मागावर

पौड, ताम्हिणी घाट, माणगाव असं उतरत पहाटेपूर्वी किनाऱ्याला लागायचं. मात्र वार ठरवण्याआधी पंचांग पाहा. तिथीची पाऊणपट केली की कोकणात भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार. नवख्यांनी अष्टमीच्या आसपास, भांगाला म्हणजे ओढ कमी असताना जावं.

हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि समुद्र शांत. दुपारी वारा फिरतो, होडी हलू लागते. उलटीची गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. होडीत बसल्यावर घेतलेली बहुधा समुद्रालाच अर्पण होते. लाइफ जॅकेट प्रत्येकाला पुरतील का, हे भाडं ठरवतानाच विचारा. लाजू नका.

बांगडा थव्याने फिरतो, म्हणून एका दोरीला चार-पाच बारीक, चमकदार गळ लावतात. थवा नसेल तर हात हलवत परतायचीही तयारी हवी.

बर्फ मात्र भरपूर न्या. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं. अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. शिजवूनही ते जात नाही, मग तिरफळं कितीही घाला. आणि महिना निवडताना लक्षात ठेवा: १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते.