पाव इंचाची शिस्त

जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक अंथरून, त्यांवर रंगीत ठिगळे मांडून, कडेपासून कडेपर्यंत धावदोरा घालीत शिवलेली आपली गोधडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अमेरिकेतील जोडकामाची रजई, म्हणजे ‘पॅचवर्क क्विल्ट’, प्रथमदर्शनी त्याच जातीची वाटेल. परंतु दोहोंच्या रचनेत एक मूलभूत भेद आहे. गोधडीतील ठिगळाला खाली अखंड कापडाचा आधार असल्यामुळे ते थोडे इकडेतिकडे सरकले तरी चालते. जोडकामाच्या रजईचा वरचा पदर मात्र तुकड्यास तुकडा जोडूनच अस्तित्वात येतो आणि म्हणून तेथे शिवण चुकली की आकृतीच चुकते.

या कामाचा रूढ दस्तूर असा की, प्रत्येक शिवणीसाठी कडेपासून पाव इंच, म्हणजे आपल्या सुतारांच्या मापाने दोन सूत, कापड सोडावयाचे. अडीच इंचाचा चौकोन चारी बाजूंनी शिवला गेल्यावर दोन इंचांचा उरतो. अशा नऊ चौकोनांचा ‘नाइन पॅच’ नावाचा गट साडेसहा इंच भरतो आणि रजईत बसल्यावर सहा इंच दिसतो. आता टीप अर्धे सूत आत गेली असे समजा. जोडाच्या दोन्ही अंगांना मिळून सूतभर कापड अधिक खर्ची पडते, आणि वीस चौकोनांच्या ओळीतील एकोणीस जोडांअखेर ही तफावत अडीच इंचांना सूतभर कमी इतकी होते. डोळ्यांना न दिसणारी चूक अशी बेरजेने वाढत जाते, हेच या कलेचे मर्म होय.

म्हणून पहिली दक्षता कापणीतच घ्यावी. उभ्या व आडव्या धाग्याला धरून कापलेली कड स्थिर राहते. उरेब कापलेली कड हाताच्या ओढीनेही ताणली जाते, आणि ताणलेल्या कडेवर कितीही सरळ टीप मारली तरी तुकडा सरळ होत नाही. दुसरी दक्षता मशीनवर. सुईपासून पाव इंच नेमके मोजून तेथे कागदी चिकटपट्टी लावावी आणि शिवताना नजर सुईवर न ठेवता कापडाच्या कडेवर व त्या पट्टीवर ठेवावी. कापड मागून ओढू नये, पुढे ढकलूही नये. ते पुढे नेण्याचे काम खालच्या दात्यांचे आहे. आरंभी एखाद्या चिंधीवरून टीप मारीत मूळ तुकड्यावर यावे, म्हणजे त्याचा कोपरा दात्यांत गुंतत नाही.

तरीही केवळ पट्टीवर भिस्त ठेवू नये. शिवण दुमडली जाते तेव्हा त्या घडीत दोऱ्याच्या व कापडाच्या जाडीपुरते माप नाहीसे होते. यास्तव जाणते कारागीर पाव इंचाला केसभर कमी टीप घेतात. हा केसभर किती, याची खातरजमा करण्याची रीत सोपी आहे: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर एक इंच भरली तर टीप योग्य. कमी भरली तर चिकटपट्टी सुईकडे सरकवावी, अधिक भरली तर दूर न्यावी.

इस्त्रीचेही शास्त्र आहे. ती कापडावरून घासत नेऊ नये. उचलून ठेवावी, दाबावी, पुन्हा उचलावी. एका ओळीतील शिवणी डावीकडे आणि तिच्या खालच्या ओळीतील उजवीकडे दुमडल्या, तर ओळी एकमेकींवर ठेवताना दोन्ही घड्या परस्परांस भिडून बसतात, बोटांना तो सांधा लागतो आणि तेथे टाचणी लावली की चारही कोपरे एका बिंदूवर मिळतात.

सरळ शिवण ही जन्मजात हस्तकौशल्याची देणगी आहे, असा समज करून घेऊन अनेक जण या कामापासून दूर राहतात; तो समज सोडून द्यावा. येथे हाताच्या सफाईपेक्षा मोजणीचा नेम श्रेष्ठ आहे आणि तो नेम कोणालाही पाळता येतो. प्रत्येक गट पुरा होताच मोजावा, कमी-अधिक भरल्यास शिवण तेथल्या तेथे उसवावी. कारण पहिल्या गटात उसवावे लागतात ते चार टाके, आणि शेवटच्या ओळीपर्यंत चूक चालू दिली तर उसवावी लागते ती अवघी रजई.