परीक्षा कोणाची?

मराठवाड्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या दृष्टिहीन गृहस्थाच्या हाती मोबाईल देऊन 'या अ‍ॅपवर अर्ज भरून दाखवा' असे म्हटले, की भोवतालच्या मंडळींना हमखास वाटते, परीक्षा त्या गृहस्थाचीच चालली आहे; आणि त्याचे बोट अडखळले रे अडखळले, की 'राहू द्या, मी भरून देतो' म्हणणारा परोपकारी जीव पुढे सरसावतो. वस्तुतः परीक्षा अ‍ॅपची असते, गृहस्थ हा परीक्षक असतो, आणि त्याचे बोट जेथे अडले तेथेच निकाल लागलेला असतो. परोपकारी हात नेमका तोच पुसून टाकतो.

दुसरा समज असा, की पडद्यावर मराठी स्वच्छ दिसते, तेव्हा मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली ते वाचीलच. परंतु युनिकोडपूर्व धाटणीच्या फाँटमध्ये टंकलेल्या मजकुराच्या पोटात रोमन अक्षरे व चिन्हेच दडलेली असल्यामुळे टॉकबॅक किंवा एनव्हीडीएसारखी वाचक-प्रणाली त्याचा निव्वळ कालवा करून ऐकविते. आणि परिपत्रक स्कॅन करून चढविले असेल, तर अक्षरे ओळखून घेतल्याखेरीज ते तिच्या लेखी केवळ एक चित्र होय. निजामी अमदानीत या मुलुखातील मराठी रयतेच्या हाती उर्दू दस्तऐवज पडे आणि तो वाचून घेण्यास दुसऱ्याची मनधरणी करावी लागे. त्या अवस्थेची ही नवी आवृत्तीच म्हणावयाची.

यंत्राकडून तपासणी करवून घेतली की काम भागले, असेही मानले जाते. चित्राला पर्यायी मजकूर जोडला आहे की नाही, एवढे यंत्र सांगते. पण त्या मजकुरात 'सातबारा उतारा' लिहिले आहे की 'चित्र 4', यांतील तारतम्य त्याच्यापाशी नसते. अभियंत्याने डोळे मिटून पाहणे हाही उपाय नव्हे, कारण बटणे कोठे आहेत हे त्याला तोंडपाठ असते.

शिवाय दिव्यांग म्हणजे केवळ दृष्टिहीन नव्हे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकार नमूद आहेत. हात थरथरणाऱ्याचे बोट बारीक बटणावर ठरत नाही, कर्णबधिरास उपशीर्षके हवी असतात, आणि ओटीपीची मुदत सावकाश टंकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत संपते.

हा सारा दानधर्माचा मामला आहे, या समजुतीला तर आता कायद्याचाही आधार उरलेला नाही. ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करण्याची अट अ‍ॅसिडहल्ल्यातील पीडितांना व अंधांना पाळणे अशक्य, या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला, डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला, आणि अ‍ॅप वा संकेतस्थळ घडविताना चाचणीच्या टप्प्यावर दृष्टिहीनांना सहभागी करून घेण्याचा निर्देशही दिला.

तेव्हा असा परीक्षक बोलवावा तो रीतसर मानधन देऊन. फोनही त्याचा त्यालाच वापरू द्यावा. सरावलेल्या माणसाने फोनच्या वाचनाची गती इतकी वाढविलेली असते, की शेजारी बसलेल्या डोळसाला एक शब्द उमगत नाही. म्हणून ती कमी करा, असे मात्र त्याला सांगू नये.