डोकं झाकलेलं, हनुवटी उघडी

पाडळशिंगीच्या टोलनाक्यावरून बीडकडे ताशी साठच्या वेगानं निघालेली मोटारसायकल घसरली, तर स्वाराचं डोकं रस्त्यावर किती वेगानं आपटेल? दहातले नऊ जण साठ म्हणतील. मध्ये दुभाजक, झाड किंवा उसाची ट्रॉली आली तर ते खरंही ठरेल. पण मोकळ्या रस्त्यावर हा साठचा वेग घसरण्यात, घासण्यात आणि लोळण्यात खर्ची पडतो. डोकं खाली येतं ते गुरुत्वाकर्षणानं, साधारण दीड मीटर उंचीवरून. तेवढ्या उंचीवरून पडणारी कुठलीही वस्तू जमिनीला टेकताना सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास वीस किलोमीटर वेगात असते. गढीच्या फाट्यावर उभ्या गाडीवरून तोल जाऊन पडणाऱ्याच्या डोक्यालाही हाच वेग मिळतो. ‘इथं फाट्यापर्यंतच तर जायचंय, हेल्मेट कशाला’ हे म्हणणं त्यामुळे भौतिकशास्त्रात बसत नाही.

ताशी वीस हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो. पण इजा वेगानं होत नाही. तो वेग किती अंतरात शून्यावर येतो, त्यावर ती ठरते. उघडं डोकं डांबरावर आपटलं की थांबायला जागा मिळते ती टाळूच्या कातडीची आणि हाडाच्या किंचित लवचिकतेची. ती पाच मिलिमीटर धरली, तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पट भरतं. तेच डोकं पंचवीस मिलिमीटर दबणाऱ्या थरावर आदळलं तर हा आकडा साठवर येतो. हेल्मेटचं सगळं शास्त्र या वीस मिलिमीटरच्या फरकात आहे. वरचं चकचकीत कवच टोकदार दगडाचा जोर पसरवतं आणि घसरायला मदत करतं, पण जीव वाचवण्याचं काम आतला थर्माकोल करतो. त्याच्या प्रत्येक दाण्यात बहुतांश हवाच असते. दाब आला की दाण्यांच्या भिंती एकामागून एक चिरडत जातात आणि धक्क्याची ऊर्जा त्या चिरडण्यात संपते. चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही शाबूत दिसलं तरी त्याचं काम झालेलं असतं.

इथवरचं सगळं शास्त्र नुसतं डोकं झाकणाऱ्या हाफ हेल्मेटलाही लागू आहे. प्रश्न पुढचा आहे: माणूस टाळूवरच पडतो का?

जर्मनीत हानोवर वैद्यकीय विद्यापीठातल्या डिटमार ओटे यांनी अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटवर नेमका कुठं मार बसला, याची नोंद केली. तो नकाशा आजही हेल्मेट बनवणारे समोर ठेवतात. त्यात सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर होते. थेट टाळूवर पडलेले अगदी थोडे. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. पुढचा ब्रेक दाबला गेला, चाक खड्ड्यात बसलं किंवा खडीवर घसरलं, की शरीर पुढे फेकलं जातं आणि तोंड आधी खाली येतं. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी टोपीसारखी हेल्मेटं मात्र जिथं मार कमी बसतो तो भाग झाकतात आणि जिथं जास्त बसतो तो उघडा टाकतात.

हनुवटीवरचा मार म्हणजे दात पडणं आणि चार टाके, असा सर्वसाधारण समज आहे. जबड्याची रचना पाहिली की तो टिकत नाही. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखं एकसंध हाड आहे. त्याची दोन्ही टोकं कानांच्या अगदी पुढे कवटीला सांध्यानं जोडलेली असतात. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडमीट केलं तर ती हलताना जाणवतात. त्या सांध्याच्या खोबणीचं छत म्हणजे कवटीचा तळ. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या लगेच वर मेंदू. हनुवटीवर खालून-पुढून बसलेला ठोसा हाडातून दोन्ही बाजूंनी थेट या छताकडे जातो.

निसर्गानं इथं एक फ्यूज बसवलेला आहे. सांध्याच्या गोल टोकाखाली जबड्याची मान निमुळती होते आणि मार मोठा असला की बहुधा तीच आधी मोडते. त्यामुळे जोर कवटीत शिरायच्या आत तिथंच संपतो. हनुवटीला खोक पडलेला रुग्ण आला की अनुभवी डॉक्टर जखम पाहता पाहता कानापुढे चाचपतात, ते यासाठीच. पण फ्यूज दर वेळी वेळेत उडतोच असं नाही. कधी मार कवटीच्या तळापर्यंत पोचतो आणि कानातून किंवा नाकातून रक्तमिश्रित पातळ पाणी येऊ लागतं. ते मेंदूभोवतालचं पाणी असतं.

आणखी एक धोका आहे आणि लांबच्या गावात तो जास्त मोठा ठरतो. जिभेचे स्नायू पुढच्या बाजूला जबड्याच्या आतून बांधलेले असतात. जबडा पुढे दोन्हीकडे मोडला की हा आधार सुटतो आणि बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासाची वाट अडवते. वर तोंडात रक्त साचतंच. मेंदूची शस्त्रक्रिया लागली तर गेवराई तालुक्यातल्या चकलांबा किंवा तलवाड्याकडच्या रुग्णाला बीड नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. संभाजीनगर म्हणजे गेवराईहूनच शंभरएक किलोमीटर. जखमीला जीपमध्ये उताणं टाकून नेलं तर त्या वाटेत मेंदूच्या इजेआधी श्वास घात करू शकतो. तोंडातलं रक्त बाहेर पडेल अशा बेतानं, मानेला झटका न देता, सगळं शरीर एकदम वळवून त्याला कुशीवर ठेवणं एवढं कुणालाही जमतं.

हनुवटीचा हा हिशेब सगळ्यात आधी शर्यतीतल्या लोकांनी मांडला, तोही मातीवर धावणाऱ्यांनी. अमेरिकेत धुळीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवणारे पुढच्या गाडीच्या चाकातून उडणाऱ्या खड्यांनी हैराण असायचे. त्यांच्यासाठी तोंड झाकणारी हेल्मेटं आली. ती पाहून डॅन गर्नी या मोटार शर्यतपटूनं १९६८ मध्ये तसलं हेल्मेट फॉर्म्युला वनमध्ये आणलं. आधी लोक हसले, मग सगळ्यांनीच ते घातलं.

हनुवटी झाकायची की नाही, हा वाद पुढे सायकलीवर आला. डोंगरातल्या सायकल शर्यतींचे अनेक प्रकार आहेत. ‘डाउनहिल’ म्हणजे वरून खाली जीव तोडून उतरणं. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानं त्यात फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, हेल्मेट सक्तीचं केलेलं आहे आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. वाद होतो तो ‘एंड्युरो’त. तिथं उतारावरच्या टप्प्यांची वेळ मोजतात, पण एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाताना चढ स्वतःच्या पायांनी चढावा लागतो. या प्रकाराची जागतिक मालिका २०१३ मध्ये सुरू झाली. स्वार तासन्‌तास घामाघूम होऊन सावकाश चढतो आणि मग काही मिनिटं दगडाधोंड्यांतून सुसाट सुटतो. चढताना फुल फेस नकोसं वाटतं, उतरताना त्याच्यावाचून भागत नाही. उतारावरच्या टप्प्यांना ते सक्तीचं करायचं का, यावर आयोजक आणि स्वार यांच्यात बरीच तणातणी झाली. ‘गुदमरतं, जड होतं, ज्याचं त्यानं ठरवावं’ हे स्वारांचे मुद्दे गेवराईतल्या कुणाही मोटारसायकलवाल्याच्या ओळखीचे आहेत.

फरक पुढे पडला. तक्रार करणाऱ्यांना आळशी न ठरवता हेल्मेटवाल्यांनी ती कारखान्यात नेली. हनुवटीची पट्टी काढता-घालता येईल अशी हेल्मेटं निघाली. हनुवटीपुढे जाळीसारखी भोकं ठेवून सातशे-आठशे ग्रॅममध्ये बसणारी फुल फेस हेल्मेटं आली. एएसटीएम एफ १९५२ या डाउनहिलच्या अमेरिकी मानकात तर हनुवटीच्या पट्टीची वेगळी परीक्षाच आहे. तिच्यावर पाच किलोचं वजन टाकतात आणि ती साठ मिलिमीटरहून जास्त आत दबता कामा नये. नुसती दिखाऊ पट्टी तिथं नापास होते. (हलकं आहे म्हणून कुणी हे सायकलचं हेल्मेट मोटारसायकलवर घालू नये. त्याची चाचणी वेगळ्या वेगासाठी आणि वजनासाठी झालेली असते.)

मराठवाड्यातला मे महिना हा फुल फेसवरचा प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. पारा बेचाळीसवर असतो, कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास. हवा अंगापेक्षा गरम असली की वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, म्हणून तो वाळतोही भराभर. अट एकच, आत हवा खेळली पाहिजे. हनुवटीपाशी आणि कपाळावर छिद्रं आणि मागे बाहेर पडायला वाट असेल, तर चालत्या गाडीवर हे घडतं. फाट्यावर गाडी थांबली की प्रवाह तुटतो, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही आत साठतो आणि गुदमरल्यासारखं वाटतं. काच वर केली की लगेच बरं वाटतं. हेल्मेटखाली जाड उपरणं गुंडाळण्याची आपली सवय मात्र दोन्हीकडून नडते. छिद्रं बंद होतात आणि हेल्मेट डोक्यावर सैल फिरतं. पातळ सुती रुमाल ओला करून बांधला तर निदान पाणी वाळताना थोडी उष्णता घेऊन जातं.

ऐकू न येण्याची तक्रार तेवढी खरी नाही. मॅकनाइट या संशोधकांनी अमेरिकेत पन्नास स्वारांना हेल्मेटविना, अर्ध्या आणि पूर्ण हेल्मेटसह रस्त्यावर तपासलं. हॉर्न ऐकण्यात फरक पडला नाही, कारण वेगात कानाशी घोंघावणारा वारा सगळ्यांनाच सारखा नडतो. बाजूचं पाहायला मान किंचित जास्त वळवावी लागली, इतकंच. रात्रीचं दिसणं मात्र वेगळं. चरे पडलेल्या काचेवर समोरच्या गाडीचा झोत फुटून पसरतो. गळिताच्या हंगामात मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशी दुहेरी ट्रॉली पुढे रेंगाळत असेल, तर त्या झगमगाटात ती दिसतच नाही. हेल्मेट दहा वर्षं वापरणारा माणूसही काच बदलत नाही. ती वेगळी मिळते, याची कित्येकांना कल्पनाच नसते.

कायदा हनुवटीबद्दल गप्प आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेटचा आकार आणि बनावट संरक्षण देणारी हवी आणि ते पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं हवं. तोंड झाकण्याचा उल्लेख नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपये झाला आणि तीन महिने परवाना निलंबित करण्याची तरतूद आली. देशात २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातात गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते, हा आकडा डबलसीटवाल्यांनी पुन्हा वाचावा.

फुल फेस घेताना एक परीक्षा दुकानातच करता येते. आयएसआयची खूण पाहिल्यावर हेल्मेट उलटं धरा आणि हनुवटीच्या पट्टीच्या आत अंगठा दाबा. मऊ अस्तराखाली टणक थर्माकोल लागला तर ठीक. अंगठा नुसत्या स्पंजातून प्लॅस्टिकला टेकला, तर ती पट्टी मुख्यतः वारा आणि चिलटं अडवण्यासाठी आहे. युरोपात हा फरक लेबलवरच छापतात. संरक्षक पट्टीला ‘पी’, तशी दिसणाऱ्या पण न वाचवणाऱ्या पट्टीला ‘एनपी’ आणि जिथं पट्टीच नाही तिथं ‘जे’. आपल्या दुकानांत तूर्त अंगठ्यावरच भिस्त ठेवायची.

विज्ञानाच्या बाजूनंही एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. जगभरचे अभ्यास एकत्र करणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनं २००८ साली हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्के कमी होतो, असं सांगितलं. पण एका प्रकारचं हेल्मेट दुसऱ्यापेक्षा किती सरस, हे ठरवायला तिच्यापाशी पुरेसे अभ्यास नव्हते. फुल फेसची बाजू उभी आहे ती आघातांच्या नकाशावर, जबड्याच्या रचनेवर आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर. मला ती पुरेशी वाटते. मात्र पट्टा न लावलेलं फुल फेस आणि पट्टा घट्ट लावलेलं हाफ यांतून निवडायचं झालं, तर मी हाफ निवडीन. पहिल्या आपटीतच उडून गेलेलं हेल्मेट कुठल्याच हाडाला वाचवत नाही.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न टाकीवर बसलेल्या पोराचा आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केंद्राचा नियम २०२२ साली निघाला: मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि गाडीचा वेग ताशी चाळीसपर्यंत. लहान हेल्मेटांचं स्वतंत्र भारतीय मानक येईपर्यंत ठरावीक परदेशी मानकांत बसणारं सायकलचं हेल्मेटही या नियमाला चालतं. त्यात तथ्य आहे, कारण लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कच्ची असते. दीड किलोचं ओझं तिला पेलत नाही. पण साधं सायकल हेल्मेट हनुवटी उघडीच ठेवतं आणि टाकीवर बसलेल्या मुलाची हनुवटी असते बरोबर हँडलच्या आणि मीटरच्या उंचीवर. अचानक ब्रेक लागला की मागून बापाचं वजन येतं आणि पुढे लोखंड असतं. तिथं कुठलंच हेल्मेट पुरं पडत नाही. मूल मागे बसवून पट्ट्यानं बांधलं तर निदान ते हँडल तरी समोरून जातं.