गाडीचा एसी बेल्ट घरी बदलायचाय? पाना हातात घेण्याआधी हे बघा



आपल्या वाशिम जिल्ह्यात एप्रिल-मे म्हणजे पारा ४० च्या वर. अशा दिवसांत गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की पहिला संशय जातो गॅसवर. "गॅस संपला असंल, भरून घ्या," हा सल्ला तर सगळेच देतात. पण कधी कधी दोष असतो तो फक्त एका रबरी पट्ट्याचा. आमच्या घरच्या जुन्या छोट्या गाडीचा हा बेल्ट मी अंगणातच बदलतो. मात्र प्रत्येक गाडीचा बेल्ट घरी बदलण्यासारखा नसतो. म्हणून काम कसं करायचं हे सांगण्याआधी तुमची गाडी कोणत्या गटात बसते ते पाहूया.

एसी बेल्ट नेमकं करतो काय?

इंजिनच्या टोकाला एक पुली फिरत असते. बेल्ट तिची ताकद एसीच्या कॉम्प्रेसरपर्यंत नेतो आणि कॉम्प्रेसर गॅस दाबतो. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरच्या पुलीत चुंबकी क्लच असतो. एसीचं बटण दाबलं की "टक्" असा आवाज येतो ना, तो याच क्लचचा.

एसी बंद असला तरी पुली आणि बेल्ट फिरतच असतात. म्हणजे हिवाळाभर एसी लावला नाही तरी बेल्ट झिजतो. आणि पुलीचं बेअरिंग जाम झालं, तर एसी बंद असतानाही बेल्ट जळू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं: बेल्ट वेगळा की सामाईक?

बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत दोन बेल्ट असतात. एक पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर (गॅरेजवाले ज्याला डायनामो म्हणतात) फिरवतो. दुसरा फक्त एसीसाठी. हा दुसरा तुटला तर घाम येईल, पण गाडी चालते. फक्त थांबून तुटलेले तुकडे काढून टाका, नाहीतर ते शेजारच्या बेल्टमध्ये अडकतात.

बऱ्याच नव्या गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळ्या पुल्यांवरून नागमोडी फिरतो. तो तुटला तर एसीबरोबर बॅटरीचं चार्जिंगही बंद होतं. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापतं. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल तर स्टीअरिंगही जड होतं.

आता विचार करा, समृद्धी महामार्ग आपल्या मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो. भर दुपारी तिथं बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला, तर "पुढच्या इंटरचेंजपर्यंत काढू" असं करू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, चौघंही उतरून कठड्याच्या पलीकडे उभे राहा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. अकोला-वाशिम-हिंगोली हा राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. तिथं अडकलात तर १०३३ वर मदत मागता येते.

तुमच्या गाडीत कोणता बेल्ट आहे हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये कळतं. किंवा इंजिन बंद करून बोनेट उघडा आणि मोबाईलचा टॉर्च मारून बघा.

बेल्ट गेला हे कसं ओळखायचं?

- एसी चालू करताच चीं-चीं आवाज येतो. बेल्ट सैल आहे किंवा गुळगुळीत झालाय.
- बेल्टवर भेगा, सुटलेले धागे, तेलाचे डाग दिसतात.
- भेगा नसल्या तरी खाचा रुंद आणि खोल झाल्यात. नव्या प्रकारचं ईपीडीएम रबर सहसा फाटत नाही, नुसतं झिजतं. म्हणून "भेग नाही म्हणजे बेल्ट चांगला" हे जुनं गणित आता चालत नाही.

आवाज बंद करायला साबण, ग्रीस लावू नका. आवाज थोडा वेळ थांबतो, बेल्ट मात्र अजून घसरतो.

दुकानात काय मागायचं?

जुन्या बेल्टच्या पाठीवर नंबर असतो. समजा "४पीके ८९०" लिहिलंय. त्याचा अर्थ ४ धारा आणि लांबी ८९० मिलीमीटर. हा नंबर फक्त उदाहरण म्हणून घ्या, तुमच्या बेल्टचा फोटो काढून तोच दाखवा. नंबर पुसला असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिनचा प्रकार सांगा.

वेगळा बेल्ट असेल तर घरी असा बदला

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हँडब्रेक ओढा, किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, म्हणून ही पायरी टाळायची नाही.

२. बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा गेलाय याचे दोन-तीन फोटो काढा.

३. वरून हात पोचत नसेल तर बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक काढावं लागतं. सपाट जागा, मागच्या चाकांना विटा, आणि जॅकसोबत जॅक स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका.

४. टेन्शनर पुलीचा मधला नट सैल करा, मग ताण देणारा बोल्ट उलटा फिरवा. बेल्ट ढिला झाला की काढा. काही गाड्यांत एसीचा बेल्ट आतल्या बाजूला असतो, तिथं आधी बाहेरचा काढावा लागतो.

५. नवा बेल्ट घालण्याआधी प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर किंवा हलणं जाणवलं तर बेअरिंग गेलंय. ते तसंच ठेवलं तर नवा बेल्टही लवकर जाईल.

६. नवा बेल्ट बसवा. प्रत्येक धार खाचेतच बसली आहे ना, हे टॉर्च मारून बघा. एक खाच जरी सरकली तरी बेल्ट कडेने फाटतो.

७. ताण द्या. दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबा. बेल्ट थोडाच दबला पाहिजे. किती मिलीमीटर, हे मॅन्युअलमध्ये असतं. "जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं" हा गैरसमज आहे, त्याने कॉम्प्रेसरचं बेअरिंग खराब होतं. शेवटी मधला नट पक्का आवळा.

८. पाने, कपडा, मोबाईल बाहेर काढा, वायर जोडा, इंजिन सुरू करा. आधी पाच मिनिटं एसी बंद ठेवून ऐका, मग एसी लावा. इंजिन बंद करून ताण पुन्हा बघा. नवा बेल्ट थोडा ताणला जातो, म्हणून काही दिवसांनी परत एकदा तपासा.

या सगळ्यात एसीच्या गॅसच्या पाइपला हात लावायची गरजच नाही. तो पाइप दाबाखाली असतो, तो सोडायचा नाही.

गॅरेजलाच कधी जायचं?

- एकच सामाईक बेल्ट असेल आणि पुल्यांची गुंतागुंत कळत नसेल.
- गाडीत टेन्शनरच नसेल. असा लवचिक बेल्ट चढवायला वेगळं अवजार लागतं आणि काढलेला परत वापरत नाहीत.
- जुना बेल्ट तेलाने माखलेला असेल, कारण आधी गळती थांबवायला हवी.
- झाकणाआडचा टायमिंग बेल्ट आणि एसी बेल्ट यात गोंधळ होत असेल. टायमिंग बेल्ट चुकला तर इंजिनचंच नुकसान होतं.

एक मात्र आजच करा. बोनेट उघडा, बेल्ट बघा, त्याच्या नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. घरात बाबा किंवा काका गाडी चालवत असतील तर बॅटरीचा लाल दिवा आणि तापमानाचा काटा यांचा अर्थ त्यांनाही सांगून ठेवा. बेल्ट बदलणं जमलं नाही तरी चालेल, पण गाडी कधी थांबवायची हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत पाहिजे.