थाई करीचं सामान, कोपऱ्यावरच्या दुकानातून

थाई करी घरी करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सामान आणायचं कुठून? मी बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंका न्यू टाउनमध्ये राहते. मॉलमधल्या परदेशी मालाच्या कप्प्यापर्यंत मला सहसा जावं लागत नाही. कोपऱ्यावरचा किराणा, भाजीवाली आणि ‘ग्रंधिगे अंगडी’ म्हणजे इथलं जडीबुटीचं दुकान, एवढ्यात बहुतेक काम भागतं. अट एकच: वस्तू परक्या नावाने मागायची नाही.

तयार पेस्टची बरणी सोपी, हे खरं. पण आमच्या घरात एकीला कोळंबीची अॅलर्जी आहे आणि सासूबाई शाकाहारी आहेत. थाई वाटणात परंपरेने ‘कापी’ असते, म्हणजे बारीक कोळंबी मिठात आंबवून केलेला गोळा. बरणीवर चित्र मिरच्यांचं असतं. कापी मागच्या बारीक अक्षरांत सापडते. म्हणून दुकानातच चौकटीतला हिरवा ठिपका बघा आणि घटकांची यादी पूर्ण वाचा. अॅलर्जी असेल तर नुसत्या अंदाजावर जाऊ नका. वाटण घरी केलं, तर आत काय आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

आता एकेक वस्तू घेऊ.

लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. कन्नडमध्ये ‘मज्जिगे हुल्लु’, शब्दशः ताकाचं गवत. चहाला आपण पाती वापरतो, पण थाई वाटणाला लागतो तो खालचा पांढरट, जाड बुडखा. जुडी बुडख्यासकट मागा.

गलांगल म्हणजे कुलिंजन. ताजं क्वचित मिळतं, वाळलेलं जडीबुटीवाल्याकडे असतं. तमिळ दुकानदार ‘चित्तरत्तै’ देईल. ती याच कुळातली धाकटी बहीण, तीही चालते. वाळकी मुळी लाकडासारखी कडक असते. कोमट पाण्यात तासभर भिजवा, मग ठेचा. आल्याने तिखटपणा येतो, पण कुलिंजनाचा कापरासारखा वास येत नाही.

लहान कांदे इथे ‘सांबार ईरुळ्ळी’ म्हणून मिळतात. थाई वाटणात असेच लहान लाल कांदे पडतात. कोथिंबीर मुळांसकट घ्या आणि मुळं टाकू नका. ती धुऊन वाटणात घालतात. तिखटासाठी मलनाडची इवलीशी ‘जीरिगे मेणसु’ चांगली. लाल करीला रंग हवा असेल तर ब्याडगी मिरची भिजवून घ्या.

मिरची थायलंडची नाही, तशी आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि 1511 मध्ये त्यांचा दूत सयामच्या अयुत्थयेला पोहोचला. आशियात मिरची पसरली त्यात या व्यापाराचा मोठा हात होता.

थाई बेझिल म्हणजे सब्जाच्या झाडाच्याच जातीतली एक तुळस. सब्जाला कन्नडमध्ये ‘कामकस्तुरी’ म्हणतात. थाई करीत दिसणारी वाटाण्याएवढी हिरवी वांगी म्हणजे इथल्या भाजीबाजारातली ‘सुंडेकायी’. ताडगुळाला ‘ताळे बेल्ल’ म्हणा.

नारळाच्या बाबतीत तर किराणावालाच जिंकतो. थाई पद्धतीत दाट दूध कढईत आटवतात, त्याला तेल सुटलं की त्यातच वाटण परततात. डब्यातल्या बऱ्याच दुधांत ते फुटू नये म्हणून स्थिर करणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे तेल सुटत नाही. ताज्या नारळाचं पहिलं दूध परतायला ठेवा, दुसरं रश्श्याला.

एका वस्तूला मात्र खरा पर्याय नाही: मॅक्रूट लिंबाची जोडपानं. आपल्या लिंबाची कोवळी पानं आणि हिरव्या सालीचा कीस यांनी जवळपास जाता येतं, तिथवर पोहोचता येत नाही. रोप मिळालं तर कुंडीत लावा.

चौघांसाठी प्रमाण असं: 10 मिरच्या, 2 बुडखे, बोटाच्या पेराएवढं कुलिंजन, 6 लहान कांदे, 6 लसूण पाकळ्या, 4 कोथिंबिरीची मुळं, चमचाभर धणे, अर्धा चमचा जिरं, लिंबाच्या सालीचा कीस, मीठ. खलबत्त्यात आधी कोरडं कुटा, मग तंतुमय, पाणीदार कांदा शेवटी. शाकाहारी करीत फिश सॉसऐवजी मीठ आणि थोडा सोया सॉस घाला. मासे खाणाऱ्या घरात, अॅलर्जी नसेल तर, भाजलेला जवळा कापीची जागा बऱ्यापैकी घेतो. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच पिळा.

तुम्ही सोलापुरात असा, इंदूरला किंवा बडोद्याला, हीच यादी तिथल्या बोलीतल्या नावांनी लिहून काढा. दुकानदाराला झाड ओळखीचं असतं, अडतं ते नावापाशी. नाव सापडेना तर मोबाईलवर झाडाचं चित्र दाखवा.