माडावरची चढण आणि यंत्राची करवत : विकत घ्यावं किती?



पाऊस सरला, वाडीत ऊन पडू लागलं, की दोन कामं डोळ्यांपुढे येतात. माडांचे शेंडे साफ करायचे असतात आणि जुन्या कलमांची वाळकी, बांडगूळ धरलेली फांदी उतरवायची असते. पाडेली वेळेवर मिळत नाही. लाकूडतोड्या आज येतो, उद्या येतो करतो. अशा वेळी बाजारात गेलो की दुकानात टांगलेलं माडावर चढायचं यंत्र दिसतं, शेजारी चकचकीत चेनसॉ दिसतो, दोर दिसतात, पट्टे दिसतात. मन म्हणतं, हे सगळं घरी असलं तर कुणाच्या पाया पडायला नको. त्या मोहाबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

आमच्या घरचीच गोष्ट

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकलं. श्रीवर्धन, मुरूडपासून खाली मंडणगड, दापोलीपर्यंत माड, पोफळी आणि आंब्याची कलमं आडवी झाली. आमच्या वाडीतले अकरा माड आणि दोन जुनी कलमं गेली. वाट मोकळी करायला माणूस मिळेना. मग घरच्यांनी २२ इंची पात्याचा चेनसॉ आणला. तो आला म्हणून दोन जादा साखळ्या आल्या. मागोमाग माडावर चढायचं यंत्र, शंभर मीटर दोर आणि कमरेचे दोन पट्टे आले.

करवत नऊ दिवस चालली. नंतर पडवीत टांगली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा ती खाली काढली तर सुरूच होईना. टाकीत राहिलेल्या पेट्रोलनं कार्बोरेटर चिकटला होता. दुरुस्त करून आणली. धाकटा भाऊ पट्टा बांधून कलमावर चढला आणि एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं करवत चालवू लागला. पात्याचं टोक मागच्या फांदीला लागलं, करवत उसळली आणि मनगटाच्या वर बसली. बारा टाके पडले. हात वाचला हे नशीब.

दवाखान्यातून परत आल्यावर मी सामानाची यादी काढली. त्यात सगळं होतं. हेल्मेट, जाड हातमोजे आणि शिकवणारा माणूस एवढंच नव्हतं. मी स्वतः शेतीचा पदवीधर, लोकांना सल्ला देणारा, आणि माझ्याच घरी हे झालं. म्हणून हे लिहितो आहे.

आधी काम मोजा, मग यंत्र बघा

वस्तू बघून काम शोधू नये. काम बघून वस्तू ठरवावी. वहीत चार गोष्टी लिहून काढा.

१. माड किती आणि वर्षातून चढायचं किती वेळा?
२. तोडायच्या फांद्या केवढ्या जाड आणि वर्षातून काम किती दिवस?
३. यंत्र चालवणार कोण? त्याचं वय काय, आणि तो गावात राहतो की मुंबईला?
४. भाड्यानं किंवा रोजानं हेच काम केलं तर किती पडतं?

आता हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या गावचा दर तुम्ही घाला.

समजा, करवत १२,००० रुपयांना आली. तिच्याबरोबर जादा साखळी, कानस, तेल, हेल्मेट, मोजे, बूट धरून आणखी ८,००० गेले. एकूण २०,००० झाले. तुमच्याकडे वर्षाला काम तीन दिवसांचं. करवतवाला आपल्या यंत्रासह दिवसाला १,५०० घेतो, म्हणजे वर्षाचे ४,५००. तुमचे २०,००० फिटायला जवळजवळ साडेचार वर्षं लागतील. त्यात पेट्रोल, दुरुस्ती आणि तुमची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला की नाही?

पण पाच घरांनी मिळून एक करवत घेतली तर काम पंधरा दिवसांचं होतं. मग हिशेब बसतो. मात्र चालवणारा एकच, शिकलेला माणूस ठरवा. पाच हातांत फिरणारी करवत लवकर मोडते आणि एखाद्याला जखमीही करते.

माडाचं यंत्र : कुणी घ्यावं?

माडावर चढायचं यंत्र चांगलं आहे, यात वाद नाही. त्याचे दोन भाग असतात. प्रत्येकाची तारेची फास खोडाभोवती बसते. एक भाग वर सरकवायचा, त्यावर भार द्यायचा, मग दुसरा सरकवायचा. उभ्यानं चढायचा एक प्रकार आहे. तो केरळातल्या चेंबेरी गावाच्या नावानं ओळखला जातो. दुसरा बसून चढायचा आहे. नारळ विकास मंडळानं २०११ पासून तरुणांना अशा यंत्रावर चढायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. यंत्रामुळे खोडाला खाचा पाडाव्या लागत नाहीत, आणि खाचा नसल्या की सोंड्या भुंग्याला शिरायला जखमही सापडत नाही. हा मोठा फायदा.

पण यंत्र आपोआप चढत नाही. चढतो तो माणूसच. ते माडासाठी केलेलं असतं. पोफळीचं खोड बारीक, त्यावर ते बसत नाही. आंब्या-फणसाला फांद्या आडव्या येतात, तिथं ते निरुपयोगी. माड वर निमुळता होत जातो, म्हणून फास मधेच आवळावी लागते. हे वाचून येत नाही. कुणाच्या तरी देखरेखीखाली आधी छातीएवढ्या उंचीवर चढ-उतार करून करूनच येतं.

घरात धडधाकट माणूस आहे, तो शिकायला तयार आहे आणि वीस-पंचवीस माड आहेत, तर एक यंत्र आणि एक पट्टा जरूर घ्या. यंत्र असलं तरी पट्टा वेगळा हवाच. पाच-सहाच माड असतील तर पाडेलीला बोलवा. आणि त्याचा दर कमी करायला यंत्राची भीती दाखवू नका. पाडेलीच्या नजरेत शेंड्यातला गेंड्या भुंगा, सडका कोंब आणि तयार पेंड लगेच भरते. पंचवीस वर्षांची ही नजर दुकानात मिळत नाही. त्याला नियमित काम मिळालं तर तो टिकेल, त्याचा मुलगाही ही विद्या शिकेल.

चेनसॉ : मोठा तेवढा चांगला नव्हे

दुकानदार २२ इंची दाखवतो, आपणही मोठा म्हणजे दमदार समजतो. वाडीतलं नेहमीचं काम हातभर जाडीच्या आतलं असतं. त्याला १६ इंची पातं पुरतं. वजन कमी, हात कमी थकतो, आणि थकलेला हातच घात करतो. मनगटाएवढ्या फांदीला तर धारदार हातकरवत पुरे.

यंत्र घेतलंच तर एवढं सांभाळा :

● पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलं असेल तेच ठेवा. पन्नासाला एक असेल तर ५ लिटरला १०० मिलि, पंचवीसाला एक असेल तर २०० मिलि. साखळीचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी.
● पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.
● करवतीतून लाकडाचे तुकडे उडत असले तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा आणि कानस मारा. बोथट करवत माणूस जोर लावून चालवतो, तिथंच घसरते.
● दोन्ही हात मुठींवर. खांद्याच्या वर करवत नेऊ नका. शिडीवर उभं राहून चालवू नका. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका. लागला की करवत अंगावर उसळते.
● झाडावर चढून चेनसॉ चालवणं हे शिकलेल्या माणसाचंच काम. आपण जमिनीवर राहावं.

पडलेलं झाड निजलेलं नसतं

वादळात उन्मळलेलं झाड शांत दिसतं, पण त्यात ताण भरलेला असतो. वाकून दबलेली फांदी चुकीच्या बाजूनं कापली तर धनुष्यासारखी उडते. मुळासकट आडव्या झालेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात पोरं खेळत नाहीत ना, हे आधी बघा. विजेची तार अंगाखाली असेल तर झाडाला हातच लावू नका, महावितरणला कळवा. अॅल्युमिनियमची लांब काठी तारांजवळ कधीही उभी करू नका.

दोर आणि पट्टा साठवून ठेवू नयेत

पुढं लागेल म्हणून चार दोर घेऊन ठेवणं हा तोटाच. नायलॉनचा दोर उन्हानं कमजोर होतो, सुंभाचा ओलीनं कुजतो, आणि अडगळीत दोघांनाही उंदीर सोडत नाही. पट्टा न वापरताही म्हातारा होतो. खताच्या पोत्याशेजारी किंवा पेट्रोलच्या डब्याजवळ ठेवला तर आणखी लवकर. लागेल तेवढाच घ्या. वापराआधी प्रत्येक वेळी हातानं चाचपून शिवण, कडी, दोऱ्याची पीळ बघा. एकदा पडझडीत भार झेललेला पट्टा काढून टाका. त्याची गुरं बांधायची दावी करा, माणूस बांधू नका.

खरेदीचा क्रम

पैसे थोडे असतील तर या क्रमानं जा.

पहिलं, शिक्षण. कृषी विज्ञान केंद्रात किंवा भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात चौकशी करा.
दुसरं, अंगावरचं संरक्षण : हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, कानाला झाकण, जाड मोजे, बूट, पायांना संरक्षक कपडा.
तिसरं, साधी हत्यारं : चांगली हातकरवत, मजबूत शिडी, आंबा काढायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला. बहुतेक वाडीचं काम इथंच भागतं.
चौथं आणि शेवटचं, यंत्र. तेही वर्षभर भाड्यानं वापरून बघितल्यावर.

आपण नेमकं उलट करतो. कापणारी वस्तू आधी आणतो, वाचवणारी राहून जाते. एखाद्या वस्तूवर अनुदान असलं म्हणजे ती स्वस्त होते, गरजेची होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तोडण्याआधी दोन शब्द

आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली येतात. ती तोडायची तर आधी वन विभागाची परवानगी काढा. आणि जुन्या कलमाची मोठी फांदी छाटलीत तर जखम उघडी ठेवू नका. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, दोन्हींचं मिळून १० लिटर पाण्यात बोर्डो मलम करा आणि कापावर लावा. ह्याला फार खर्च येत नाही, पण कलम वाचतं.

आमच्या पडवीतली मोठी करवत आता शेजारच्या चार घरांची मिळून आहे. ती चालवतो एकच गडी, शिकून आलेला. माडांना पाडेली ठरलेला आहे, दर दोन महिन्यांनी येतो. जादा दोर आणि एक पट्टा आम्ही फेकून दिले. भावाच्या हातावरचा वण तेवढा राहिला आहे. बाजारात जायच्या आधी तुम्ही वहीतले ते चार प्रश्न लिहून काढा, एवढंच सांगणं. वाडीत कितीही काम असो, संध्याकाळी माणूस धड घरी यायला हवा.

काही शंका असली तर पत्रानं कळवा, रेडिओवरून उत्तर देऊ. राम राम.