विश्लेषण : नागपुरात १९३८ मध्ये मुख्यमंत्री नेमका कोणी ठरवला?

राज्यपाल, मुख्यमंत्री आणि पक्षश्रेष्ठी यांच्यातील रस्सीखेच आजची नाही. जुलै १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात अवघ्या नऊ दिवसांत सत्तांतर झाले, तेही निवडणुकीविना.

सरकार कसे आले होते?

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मताधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींपुरता मर्यादित होता. ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले आणि नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. या पदाला तेव्हा ‘पंतप्रधान’ म्हणत. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत एकोणिसाव्या शतकातच लोक गव्हर्नरला थेट मत देत. इथला गव्हर्नर मात्र ब्रिटिश राजसत्ता नेमत असे.

वाद कसा पेटला?

मंत्रिमंडळात मराठी भाग आणि हिंदी भाषक महाकोशल असे गट पडले. २० जुलै १९३८ रोजी खरे यांनी राजीनामा दिला. महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी मात्र पक्षाच्या आदेशाशिवाय पद सोडण्यास नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी तिघांना बडतर्फ केले आणि खरे यांनी दुसऱ्याच दिवशी नवे मंत्रिमंडळ बनवले.

मग खरे का गेले?

सहकाऱ्यांना हटवण्यासाठी ब्रिटिश गव्हर्नरची मदत घेतली, हे काँग्रेसश्रेष्ठींना मान्य नव्हते. २३ जुलैला खरे यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. वर्धा येथील बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने त्यांच्यावर ठपका ठेवला. आमदारांनी शुक्ल यांना नेता निवडले आणि २९ जुलैला ते मुख्यमंत्री झाले. खरे समर्थकांच्या मते हा श्रेष्ठींचा हस्तक्षेप होता, तर काँग्रेसच्या मते शिस्तीचा प्रश्न.

आज काय बदलले?

राज्यपाल जनतेतून निवडावा, असा निर्णय संविधान सभेने १९४७ मध्ये घेतला होता. राज्यपाल आणि मुख्यमंत्री दोघेही लोकनियुक्त असतील तर संघर्ष होईल, या भीतीने १९४९ मध्ये तो बदलला. आज अनुच्छेद १५५ नुसार राष्ट्रपती राज्यपाल नेमतात, तर अनुच्छेद १६४ नुसार मंत्र्यांची नियुक्ती मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने होते. बहुमताची कसोटी सभागृहात लागते. मात्र नेता आमदार ठरवतात की पक्षश्रेष्ठी, हा १९३८ चा प्रश्न कोणत्याही अनुच्छेदाने सोडवलेला नाही.